विरुद्ध स्वभावाच्या दोघांचं प्रेम पटेल असं कसं लिहायचं?

केतकीचं_बन (धागाकर्ती)

लघुकादंबरी आहे, साधारण ३५ हजार शब्दांची. स्थळ रत्नागिरी तालुक्यातली हापूसची बाग.

श्रीधर, वय ३४, बागायतदार. मोजूनमापून चालणारा, कमी बोलणारा, पै न् पै वहीत लिहिणारा. मानसी, वय ३१. चार बागांचा माल घेऊन पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना थेट पेट्या पाठवते. बोलघेवडी, फोनवर शब्द देऊन मोकळी होणारी, उधारीचा हिशेब डोक्यात ठेवणारी.

पहिल्या पाच प्रकरणांत भांडतात, सहाव्यात प्रेमात पडतात. खर्डा वाचलेल्यांचा शेरा: भांडणं पटली, प्रेम पटलं नाही. जुजबी "भावना वाढवा" छाप सल्ले नकोत, प्रसंगाच्या पातळीवर काय बदलायचं ते सांगा.

टाकबोरू

"मोजूनमापून चालणारा" आणि "बोलघेवडी" ही विशेषणं झाली, माणसं अजून झालेली नाहीत. दोन विशेषणं समोरासमोर उभी केली की वक्तृत्व स्पर्धा होते, प्रेमकथा होत नाही.

कागद घ्या, मधोमध रेघ ओढा. एकीकडे तो, दुसरीकडे ती. खालच्या सहा प्रसंगांत प्रत्येक जण काय करतो ते फक्त क्रियापदांत लिहा: गिऱ्हाइकाने पैसे थकवले, गाडी दोन तास उशिरा आली, घरात कोणी आजारी पडलं, चारचौघांत पाणउतारा झाला, कामाशिवायची दुपार हाती आली, आपली चूक दुसऱ्याने पकडली.

"तो चिडतो" चालणार नाही. "वहीत त्या नावापुढे फुली मारतो, तोंडाने चकार शब्द काढत नाही, आणि पुढच्या हंगामात त्या माणसाला माल नाकारतो" हे चालेल. तीच थकबाकी मानसी कशी वसूल करते? गिऱ्हाइकाच्या आईला फोन करून गुडघेदुखीची चौकशी करते आणि शेवटच्या वाक्यात पैशांचं काढते. आता दोघं विरुद्ध आहेत हे सांगावं लागत नाही.

मग पुढचं काम. दोघांच्या रकान्यांत प्रत्येकी एक जागा अशी शोधा, जिथे त्यांचा स्वभाव मोडतो. पै न् पै लिहिणारा श्रीधर राखणदाराच्या पोराच्या शाळेचा खर्च वहीत चढवतच नाही. अखंड बोलणारी मानसी वडिलांवरच्या कर्जाचा विषय निघाला की पेट्या मोजायला उठते. ही दोन्ही गुपितं पात्रांनी एकमेकांना सांगायची नाहीत. एकाची दुसऱ्याला अपघाताने दिसली पाहिजेत, आणि ज्याला दिसली त्याने त्यावर बोलायचं टाळलं पाहिजे. तुमच्या प्रेमाचा पहिला धागा इथे आहे, सहाव्या प्रकरणात नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोघांचा एक काटा सारखा हवा. स्वभाव कितीही उलटे असोत, निदान एका बाबतीत काय खपवून घ्यायचं नाही हे दोघांचं एक असलं पाहिजे. तुमच्या कथेत ते आयतं आहे. कर्नाटकातला आंबा रत्नागिरी हापूसच्या नावाने खपवणं. हा प्रकार बाजारात सर्रास चालतो. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी थांबलेला नाही. श्रीधर असा सौदा आला की पावती न करता उठून जातो आणि नुकसान सोसतो. मानसी तिथेच पेटी उघडून चार लोक गोळा करते. रीत उलट, राग एकच. हा प्रसंग दुसऱ्या प्रकरणाच्या आत आणा. वाचकाला "यांचं जमू शकतं" याची पहिली खूण तिथे मिळेल, पात्रांना मिळायची गरज नाही.

निळी_शाई

टाकबोरूंच्या "एक काटा" या मुद्द्याला अभ्यासाचाही आधार आहे. परस्परपूरक गरजा असलेली माणसं एकत्र येतात ही कल्पना अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट विंच यांनी १९५०च्या दशकात मांडली. पुढच्या संशोधनात ती फारशी टिकली नाही. २०२३ साली कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी १३०हून अधिक गुण तपासले. बहुतेक गुणांत जोडीदार एकमेकांसारखेच निघाले. पण साम्य सगळीकडे सारखं नाही. राजकीय-धार्मिक मतं आणि शिक्षण यांत ते ठळक, अंतर्मुख-बहिर्मुख असण्यात जवळजवळ योगायोगाइतकंच.

लेखकाने यातून एवढंच घ्यायचं: बोलका-अबोल, शिस्तीचा-भटक्या हे फरक बिनधास्त ताणा, वाचक मान्य करतो. मूल्यांतला फरक ताणलात तर जास्त पुरावा द्यावा लागेल. एक जण लाच देणारा आणि दुसरा न देणारा, हे स्वभाववैचित्र्य नव्हे.

कोरा_कागद

+१. पण एक शंका. सगळंच इतकं हिशेबी केलं तर ओढ कुठून येणार? "का कोण जाणे आवडला" हे खऱ्या आयुष्यात घडतंच की.

टाकबोरू

@कोरा_कागद, घडतं. पण कागदावर "का कोण जाणे" हे पात्राने म्हणावं, लेखकाने म्हणू नये. लेखकाला कारण माहीत पाहिजे.

अर्धविराम

केतकीताई, तुमचं दुखणं बहुधा मधल्या पायऱ्यांत आहे. भांडण आणि कबुली यांच्यामध्ये निदान चार गोष्टी घडाव्या लागतात, शक्यतो याच क्रमाने.

एक, समोरच्याचा खटकणारा गुण कामाला येताना दिसतो. आवडत नाही अजून, फक्त उपयोगी पडतो. दोन, तो गुण नसल्याने अडतं, आणि "ती असती तर" असं मनात येतं. तीन, समोरचा हजर नसताना आपण त्याची बाजू घेतो. हा सगळ्यात बळकट प्रसंग, कारण त्यात दाखवण्यासारखं कोणी समोर नसतं. श्रीधरच्या काकूने "ती बडबडी" म्हटलं आणि त्याने ताटावरून मान न उचलता "तिच्या बोलण्याने गेल्या वर्षीची उधारी वसूल झाली" एवढंच म्हटलं, तरी पुरे. चार, समोरच्यासाठी आपल्या स्वभावाविरुद्ध काहीतरी करतो आणि त्याची किंमत मोजतो. किंमत नसेल तर ती पायरी धरू नका.

३५ हजार शब्दांत दोघं एकत्र असलेले दहा-बारा प्रसंग सहज मावतात. त्यांत भांडणं तीनच ठेवा. तुमच्याकडे पाच प्रकरणं भांडणं आहेत म्हणजे एकच भांडण पाच वेळा चाललं असणार. तपासायची सोपी रीत: दुसऱ्या आणि चौथ्या भांडणाची जागा बदलून पाहा. कथेत काही बिघडलं नाही, तर एक काढून टाका. प्रत्येक भांडणानंतर जगातली एक तरी वस्तुस्थिती बदलायला हवी: माल गेला, मजूर सोडून गेला, शब्द मोडला.

गैरसमजावर उभं केलेलं भांडण शक्यतो नकोच. एका फोनने मिटेल असं भांडण वाचक मोबाइलच्या काळात सहन करत नाही. दोघंही बरोबर असतील असा वाद हवा, आणि आंब्याच्या धंद्यात तो शोधायला लांब जायला नको. तोडणी कधी करायची?

प्रसंग असा. अक्षय्य तृतीयेला मागणी चढते. मानसीने गिऱ्हाइकांना १२० पेट्या तयार आंब्यांच्या कबूल केल्या आहेत. अढीत (पेंढ्यात रचून) फळ पिकायला आठ-दहा दिवस तरी लागतात, म्हणजे तोडणी आत्ताच हवी. त्यात आभाळ भरून आलंय. श्रीधर म्हणतो, फळ चौदा आणे (सोळा आणे म्हणजे पूर्ण तयार) झाल्याशिवाय झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, लावणार नाही. ती म्हणते, बारा आण्याला काढू. आता दोघांच्या बाजू लिहून काढा. लवकर काढलं तर फळ सुरकुततं, गोडी येत नाही, आणि बदनामी बागेच्या नावाची होते. थांबलं तर अवकाळीने फळावर डाग, कूज, पडलेला माल कॅनिंगच्या भावाने जातो. शिवाय झाडावर जास्त तयार होऊ दिलेल्या फळात साका धरायची (आतला गर पांढरट, स्पंजासारखा व्हायची) भीती वाढते, तीही बाहेरून न दिसणारी. दोघंही चूक नाहीत. श्रीधर बागेचं नाव सांभाळतोय, मानसी दिलेला शब्द.

हा वाद कोणी जिंकायचा नाही आणि अर्ध्यावर तोडही काढायची नाही. तिसरी गोष्ट सापडली पाहिजे, जी दोघांपैकी एकट्याला सुचली नसती. तयार फळ पाण्यात बुडतं, कोवळं तरंगतं. मानसी म्हणते, "बोलत काय बसलोय, बादली आणा." (घाई तिची.) श्रीधर वेगवेगळ्या फांद्यांवरून, उन्हाच्या आणि सावलीच्या बाजूने, मोजून २० फळं देठासकट उतरवतो. (पद्धत त्याची.) बुडाली तेवढ्या बाजूची तोडणी आज, बाकीची नंतर, आणि गिऱ्हाइकांना फोन करून निम्म्या पेट्या उशिरा येतील हे सांगायचं काम मानसीचं. तिला पहिल्यांदाच दिलेला शब्द मागे घ्यावा लागतो. त्याला पहिल्यांदाच बाग एका दमात न उतरवता तुकड्यांत उतरवावी लागते, मजुरी वाढते. ही झाली चौथी पायरी, दोघांची एकदम.

प्रेम हा शब्दही आलेला नाही, लक्षात घ्या.

सुपारी

जबरी! बादली भारी आहे. वाचनखूण साठवली.

पडवी

संवादांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून.

अबोल माणसाला "हं", "बघू", "ठीक" एवढंच देऊ नका. कमी बोलणारी माणसं आपल्या विषयावर आली की भरपूर बोलतात. श्रीधरला मोहोर, तुडतुडे, फवारणीच्या तारखा यावर एक सलग दहा-बारा ओळींचं बोलणं द्या, आणि ते मानसीने मध्ये न तोडता ऐकावं. तिच्यासारखीने न तोडता ऐकणं हीच घटना आहे. उलट बोलक्या माणसाचं बोलणं बरेचदा काहीतरी झाकायला असतं. ती कशावर बोलत नाही याची यादी तुमच्याजवळ असू द्या.

शांतता दाखवायला टिंबं टाकू नका. हाताला काम द्या. अढीत पेंढ्याच्या थरांवर फळं मांडणं, पिकलेली वेचून काढणं, पेटीत आकारानुसार डझन लावणं, देठ कापताना चीक फळावर न सांडू देणं. कामाचा वेग बदलला की मनातलं बदललं हे वाचक ओळखतो.

संबोधनाकडे नीट बघा. धंद्याच्या ओळखीचे, तिशीतले, रत्नागिरीकडचे दोघं सुरुवातीला "तुम्ही"च म्हणतील. तिने "श्रीधरदादा" म्हटलं की कादंबरी तिथेच संपली, म्हणून चिडवायला "श्रीधरराव" बरं. "तुम्ही"वरून "तू"वर थेट उडी नको. मधला बराच काळ माणसं संबोधनच टाळतात: "चहा झाला का?", "येणं कधी होईल?", "पेट्या मोजून झाल्या?" दोन प्रकरणं अशा कर्ता नसलेल्या वाक्यांवर काढता येतात. त्याहून उपयोगी "आम्ही" आणि "आपण". हिशेबाच्या बोलण्यात श्रीधर कायम "आमची बाग, आमचा माल" म्हणतो. एके दिवशी गिऱ्हाइकाशी बोलताना तो "आपल्याकडे अजून ४० पेट्या आहेत" म्हणतो आणि मानसी शेजारी उभी आहे. तिने त्यावर काही बोलू नये, लेखिकेने तर मुळीच नाही.

कोणी आधी "तू" म्हणायचं? माझं मत, भांडणात. आणि लगेच "तुम्ही"वर परत यायचं.

बोलीचा बेताने वापर करा. मजूर आणि काकू यांच्या तोंडी असू द्या, प्रत्येक वाक्यात नको.

निळी_शाई

निवेदनाचा कोन आलटून-पालटून ठेवणार असाल तर एक गोष्ट करून बघा. दोघांना दिसतं काय ते वेगळं ठेवा. श्रीधरच्या प्रकरणांत आकडे, कडा, डाग, वेळा. त्याला माणसांचे चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत. मानसीच्या प्रकरणांत आवाज, चेहरे, कोणी कोणाकडे पाहिलं हे सगळं. किती वाजले, किती पेट्या गेल्या याचा तिला पत्ता नसतो. मग हळूहळू हे झिरपू द्या. साधारण निम्म्यावर श्रीधरला पहिल्यांदा दिसावं की तिने कानातले बदललेत. तिला कळावं की तो रोज पावणेसहाला फाटकाशी येतो, आज सहा वाजून गेले. @कोरा_कागद, "ओढ कुठून येणार" याचं उत्तर हेच. पात्राची नजर बदलली की वाचकाला ओढ कळते, छातीतली धडधड लिहावी लागत नाही.

मात्र नजरेतला हा बदल प्रकरणात एकदाच. रोज कानातले दिसायला लागले तर त्याचा दुसराच स्वभाव होईल.

चिंचगुळी

थोडं वेगळं. केतकी, श्रीधर मधेच मानसीला मजुरांसमोर "तुम्हाला अक्कल नाही" म्हणतो असं कुठे आहे का? कारण बहुतेक अशा कथांत असतं, आणि मालिकांनी तर त्याचा कारखानाच काढलाय: नायक उर्मट, नायिका सोशिक, आणि त्याला "विरुद्ध स्वभाव" म्हणायचं. उर्मटपणा हा स्वभावाचा प्रकार नाही. काटेकोर माणूस सौजन्याने काटेकोर असू शकतो. चारचौघांत अपमान केलात तर वाचक तो खात्यावर लिहून ठेवतो, आणि नुसत्या "सॉरी"ने तो फिटत नाही. ज्या लोकांसमोर अपमान झाला त्यांच्यासमोरच भरपाई व्हावी लागते, तीही कृतीने.

दुसरा सापळा उलटा. हसरी मुलगी येते आणि रुक्ष पुरुषाला जगायला शिकवते. यात मानसीला स्वतःचं काहीच हवं नसतं, ती नायकाची औषधगोळी बनते. तपासून पाहा: श्रीधरला कथेतून काढलं तर मानसीला काय हवं आहे? "चार बागांच्या ऐवजी स्वतःचं पॅकिंग केंद्र" असं ठोस उत्तर आलं तर ठीक. उत्तर येत नसेल तर आधी ते लिहा, प्रेम नंतर.

केतकीचं_बन

@चिंचगुळी, तसं वाक्य आहे, तिसऱ्या प्रकरणात. काढते. पॅकिंग केंद्राचं घेऊ का?

चिंचगुळी

घ्या की. पण मग जागा श्रीधरच्या बागेत नको हं, नाहीतर लग्न हाच तिचा व्यवसाय आराखडा होईल.

कोरा_कागद

😄 शेवटी दोघं बदलतात का? माझ्या मते बदलायलाच हवेत, नाहीतर गोष्ट घडली कशाला?

अर्धविराम

स्वभाव बदलू नये, एखादी सवय बदलावी. जॉन गॉटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीनुसार जोडप्यांमधले सुमारे ६९ टक्के वाद कायमचे असतात. ते सुटत नाहीत, फक्त त्यांच्याबद्दल बोलायची तऱ्हा सुधारते. तुमच्या शेवटच्या प्रकरणातही श्रीधर वही लिहितोच आणि मानसी शब्द देऊन बसतेच. फरक एवढाच की तिने शब्द दिल्यावर ती त्याच रात्री आकडा सांगते, आणि तो "किती?" एवढंच विचारतो, "का?" विचारत नाही. इतका लहान बदल पटतो. शेवटी तो पावसात नाचला तर वाचक पुस्तक मिटेल.

पडवी

कबुलीबद्दल: ज्याला बोलणं जड जातं त्यानेच आधी बोलावं, पण स्वतःच्या भाषेत. अबोल माणसाने अचानक दीड पानाचं भाषण ठोकलं तर ते लेखकाचं बोलणं वाटतं. श्रीधरने वहीतलं मानसीच्या नावाचं खातं तिच्यासमोर उघडावं. पान कोरं. "नोंदी थांबवल्या कधीच्या," बस. आणि बोलक्या मानसीला तेव्हा उत्तर सुचू नये. तिची कबुली दुसऱ्या दिवशी फोनवर, असंबद्ध, मधे तीन वेळा भाड्याच्या टेम्पोचा विषय काढून.

टाकबोरू

कोऱ्या पानाला दुजोरा, पण एक अट. आधीच्या प्रकरणांत ते खातं भरलेलं दोनदा दिसलं पाहिजे. एकदा तिच्या उधारीवरून वाद होताना, आणि एकदा तिची बाकी त्याने लाल शाईने अधोरेखित करताना. तयारी नसताना कोरं पान म्हणजे नुसती वही.

शेवटची नोंद कोणत्या तारखेची, हेही ठरवून ठेवा. बादलीच्या दिवसाच्या आधीची असेल तर चतुर वाचक मागे जाऊन पडताळेल आणि खूश होईल.

केतकीचं_बन

सगळ्यांचे आभार. भांडणं तीनवर आणते आणि मधल्या चार पायऱ्यांची मांडणी करून दोन दिवसांत इथेच टाकते. बादलीत २० पैकी किती बुडवू? मी १४ म्हणतेय.

अर्धविराम

१४ नको. मग श्रीधर म्हणेल "बघा, झालीच आहेत की बरीचशी", आणि जिंकेल मात्र मानसी, कारण आजच काढा असं तीच म्हणत होती. सहा बुडाली तर तो जिंकतो. नऊ किंवा दहा ठेवा. एखादं फळ ना धड वर ना धड तळाला, असं मधेच लोंबकळू द्या आणि त्यावर दोघांना पुन्हा वाद घालू द्या. आणि हे सगळं सकाळी दहाच्या आत घडवा. भर दुपारी तोडणी दाखवलीत तर कोकणातले वाचक प्रेमाचं राहू दे, आधी ते पकडतील.